तोक्तोसुन आकेंच्या कमरेचा पट्टा

अध्यक्षस्थानी असलेले बचाव विभागाचे संचालक सादिकोव साहेब, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, कारा-ताशचे वडीलधारे, आयाबहिणी, आणि आज निवृत्त होणारे आमचे थोरले भाऊ तोक्तोसुन आके,

मी बचाव पथकाचा गाडीचालक. आके इतकी वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसले, एवढाच माझा अधिकार.

साहेब आत्ता म्हणाले, विभाग नेहमीच आकेंच्या पाठीशी उभा राहिला. ऐकून बरं वाटलं. आम्हाला तो कधी दिसला नाही, पण पाठीमागचं दिसणार तरी कसं म्हणा.

दरड कोसळली त्या वसंतात आकेंनी गावातल्या थोरल्या उलकान आपांच्या लेकाला, बेइशेनला, नुसत्या हातांनी उकरून काढलं. जिवंत नव्हता. आपांच्या दारात घरचे पुरुष रिवाजाप्रमाणे कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून उभे. येणारा घोड्यावरूनच हंबरडा फोडत यायचा, आणि ते रडून उत्तर द्यायचे. आके फावडं धरून कडेला. ते ना भाऊ, ना चुलते. त्यांनी कुठल्या नात्यानं रडायचं? त्यात वरून निरोप आला, गणवेशात डोळे पुसू नका, फोटो निघतायत.

मग विभागानं मानपत्र दिलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि आपण? मढी उपसणारा माणूस अपशकुनी म्हणून लग्नकार्याला बोलावणं सोडलं. छताखाली जीव घाबरायचा, म्हणून आके अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी झोपायला लागले. एकदा घाटात मला म्हणाले, "मला दरीच्या बाजूला बसवू नकोस. माझा भरवसा नाही."

आल्या त्या उलकान आपा. हातात नवऱ्याची काठी आणि बेइशेनचा पट्टा. म्हणाल्या, "माझ्या लेकाला शेवटचं तू उचललंस. मग तू परका कसा? बांध, आणि तुझ्या दारात उभा राहा." मग घरोघर जाऊन पुरुषांना खडसावलं, त्याच्या दारी दुखवट्याला जाणार नसाल, तर माझी पायरीही चढू नका.

गेलो. "अरे माझ्या काळजा" म्हणून ओरडत गेलो. आके काठीवर वाकले आणि असे रडले की घोडे बुजले. बायका भाकरी घेऊन आत बसल्या. गाव येत राहिलं, आणि एका दुपारी आके घरात, छताखाली झोपले. बरे झाले असं मी म्हणणार नाही. अजून दगड घरंगळला की हातातला चहा सांडतो. पण गाडीत दरीच्या बाजूला बसतात. साहेब, पाठीशी उभं राहणं ते हे.

यंदाच्या दरडीत खोदयंत्र चालवणाऱ्या केरिमकुलनं एक अख्खं कुटुंब बाहेर काढलं, एकही जिवंत नाही. त्यालाही मानपत्र मिळालं. तेव्हापासून तो पडदे ओढून बसलाय, आणि आपण टाळ्या वाजवायला इथे जमलोय. कुणी त्याचं दार वाजवलं?

उलकान आपा आता नाहीत. मघाशी आकेंना मानाचा झगा घालताना साहेब म्हणाले, हा जुनाट पट्टा काढा, फोटोत बरा दिसत नाही. आकेंनी काढलाय. तो केरिमकुलसाठी आहे.

विभागाचे आभार, पुलाव शिजवणाऱ्या बायकांचे त्याहून जास्त. माझ्या तोंडून कुणाला लागेल असं गेलं असेल, तर अडाणी चालक म्हणून पोटात घाला. पुलाव झाकून ठेवायला सांगितलाय. घोडे बाहेर उभे आहेत. आधी केरिमकुलच्या दारी जाऊ, मग जेवू.