डिटरच्या एलपीत नसलेली शिटी

हे बघा, रॉकबद्दल माझ्याशी वाद घालायचा नाही, हे आमच्या न्युरेम्बर्गच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. फक्त डिटरला नव्हतं. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा जर्मन इंजिनिअर, घरी भिंतभर एलपी. एकदा त्यानं मला घरी बोलावून एका इंग्लिश बँडची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एलपी लावली. माझी तर तोंडपाठ! मी शाळेत असताना दादानं मित्राकडून तीच एलपी आणि प्लेअर घरी आणला होता, आणि समोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरली होती. ती कॅसेट मी जर्मनीलाही आणली होती.

दुसऱ्या गाण्यात गिटार चढत गेली. मी म्हटलं, "आता शिटी ऐक."

शिटी आलीच नाही.

"डिटर, तुझी कॉपी डिफेक्टिव्ह आहे."

"नाइन, नाही! ही पहिल्या प्रेसिंगची आहे, अगदी मूळ."

"मग शिटी कुठंय? रविवारी माझ्याकडे ये, ऐकवतो."

रविवारी डिटर ठरल्या वेळी हजर. मी कॅसेट लावली. गिटार चढली आणि शिटी वाजली. लांबलचक, खणखणीत.

"ऐकलंस?"

डिटरचा चेहरा पडला. "हो... ही शिटी माझ्याकडे नाही."

तेवढ्यात आत बायकोच्या कुकरची शिटी झाली. हुबेहूब तीच! दादा कॅसेट भरत होता तेव्हा आईनं आत कुकर लावला होता, हे मला त्या क्षणी कळलं.

डिटरनं टेपकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग माझ्याकडे.

"आल्झो... मग हे काय?"

मी जराही डगमगलो नाही. म्हटलं, "हे? हे लाइव्ह!"