गिरणीमागची डॉक्टरीण

— नाय, उठू नका. बसा हितंच. बाकडं डुगडुगतं खरं, पन आजपावतर कोन पडलेलं नाय, आन् पोर खांद्यावर निजलंय तर निजू द्या. चावतो म्हनलात ना? कोनाला, शाळेतल्या पोरांना का घरातल्या मानसांना? दोगांना. मास्तरला बी? मंग बरं झालं, मास्तरला चावला म्हनून तरी तुमी हितं आलात. रागावू नका, मी म्हातारी हाय, तोंडाला येतं ते बोलते. तुमी त्या एमायडीशीतले ना? कापडांवरनं वळखलं. आन् मगासपासनं दाराकडं कमी नि रस्त्याकडं जास्ती बगताय, ते बी वळखलं. पळायचा इचार हाय. मनात म्हनत असाल, इंजेक्शन नाय, गोळी नाय, बाटली नाय, मंग डॉक्टरीन कसली. मी बी ह्येच म्हनलं होतं. पोलादपूरच्या वर आमची वाडी, थितनं चालत उतरायचं, यष्टी धरून महाडात यायचं, आन् बाई देते काय, तर सतरंजी. होय, सतरंजी. बसा म्हनते. आमी सगळी बसलो तर समोर ती बी बसली. खुर्ची नाय, टेबल नाय, गळ्यात ती नळी नाय. माझा लेक, दत्ताराम, हळूच माझ्या कानात म्हनाला, "आये, ही खरी हाय ना?"

कोन आजारी होतं? नात माझी, शकू. आजारी म्हंजे ताप नाय, खोकला नाय, भाकरी दोन हातांनी खायाची. पन बोलनं बंद. कायबी इचारा, टिंग. यष्टीत कंडक्टर दोरी वडतो ना, ती घंटी, तोंडानं. येक टिंग म्हंजे थांबा, दोन टिंग म्हंजे चला. शकू, भूक लागली? टिंग टिंग. शकू, आंघोळीला चल. टिंग. शाळेत गुरुजींनी इचारलं सात नि पाच किती, तर टिंग. गुरुजी म्हनाले, थांबा म्हंजे काय थांबा, तर परत टिंग. हसताय? हसा, आमी बी पयल्यांदा हसलो. मंग महिना गेला, दुसरा गेला, आन् घर कसं झालं सांगू — आमी सगळी तिच्या टिंगवर चालायला लागलो. मी पाट्यावर वाटत बसले की येकदा टिंग, माझा हात आपसूक थांबायचा. दोनदा वाजली की परत वाटायचं. गोठ्यातली म्हैस सुद्धा उठायची-बसायची — बरं, म्हशीचं मी वाढवून सांगते, पन थोडंच.

कुठनं लागलं तिला हे? आता मला काय म्हाईत. म्हंजे — बाप, माझा दत्ताराम, मुंबईला, गोदीत. गनपतीला नि शिमग्याला यष्टीतनं उतरायचा, चार दिवस राहायचा नि यष्टीत चढायचा. कंडक्टरनं टिंग टिंग केलान की बाप गेला. येक टिंग केलान असता तर राहिला असता. पोरीचं डोकं. हे मी नाय, बाईनं काढलं बाहेर. आन् दुसरं बी येक होतं, पन ते सांगन्यासारखं नाय. — तसं काय मोठं नाय ओ. घरात मी नि सून, नीला, तुडीलची. आमी दोगी बोलत नव्हतो. भांडन नाय बरं का. बोलत नव्हतो, येवडंच. मंग घर कसं चालायचं? शकू होती ना. शकू, तुझ्या आयेला सांग, कालवनात मीठ नाय. शकू, आजीला सांग, मीठ डब्यात हाय. नीला चुलीपाशी, मी उंबऱ्यात, हात लांब केला तर येकमेकीला लागंल, आन् पोर आपली हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. किती दिवस? दिवस कसले, दोन पावसाळे. मला काय म्हाईत ती दमंल. सात वर्षांचं पोर, त्याला दमायला काय झालं.

भगत झाला, लिंबू झालं, कोंबडा झाला. कोंबडा भगतानं खाल्ला, टिंग आमच्याकडंच राहिली. शेवटी गुरुजी वैतागून म्हनाले, शनिवारी महाडात जावा, गिरनीच्या मागं ललिताबाई बसतात, पोरांच्या मनाच्या डॉक्टर. पन पोरीला येकटीला नेऊ नका, सगळं घर घेऊन जावा. मी म्हनलं, मी कशाला? मी बरी हाय. तर गुरुजी म्हनाले, तुमी तर आधी. तुमची बायको कुठाय? घरी? आन् तुमची आई? मंग पुढल्या शनिवारी दोगींना आना. बाई पोराला येकट्याला बगतच नाय. येकानं काकाला आनलान नाय, म्हनाला काकाचा काय संबंध, तर बाई म्हनाली, पोरगं चित्रात पयला काकालाच काढतंय, आन् त्याचे दात येवडे मोठे का काढतंय ते मला बगायचंय. काका आला. दात काय मोठे नव्हते, पन स्वभाव होता.

तर आमी आलो, दत्ताराम बी गोदीतनं रजा काढून आलेला. बाई नाते गावची, थितल्या बौद्धवाड्यातली, रामजी मास्तरांची लेक. ती आत तांब्या घासते ना, ती तिची आई, काशीबाई. काशीबाईनं पानी आनलान. शकू घटाघटा प्याली, दत्ताराम प्याला. मी म्हनलं, मला तहान नाय. वैशाख होता, वाडीपासनं चालत उतरलेली, पन तहान नव्हती म्हंजे नव्हती. — असं काय बगता? आता पिते की. चाय बी पिते, आलं जास्ती घाल म्हनून सांगते बी. पन तवा — काशीबाई काय बोलली नाय, पेला हितं माझ्याजवळ ठेवलान नि गेली. मला राग आला. बोलली असती तर बरं वाटलं असतं. आन् घसा असा सुकला की बाईनं नाव इचारलं तर रंगूबाईतलं नुसतं 'बाई' बाहेर आलं. नातीनं माझ्याकडं बगितलं नि म्हनाली, टिंग टिंग. मंग प्याले. सोडा ते.

मी येकदा काशीबाईला इचारलं, तुझी लेक येवडी शिकली, मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात पोरांच्या विभागात होती, मंग ही दर शनिवारी गिरनीमागं भुसा खायाला कशाला येते? तर काशीबाई म्हनाली, ही ललिता नऊ वर्षांची होईपर्यंत अडखळायची. पानी म्हनायचं तर नुसतं प, प, प. आन् रामजी मास्तर कडक, घरात बी जेवायच्या आधी हजेरी घ्यायचे. सगळ्या पोरांनी 'हजर' म्हनायचं, मंग ताटाला हात. हिचा ह अडकला की सगळ्यांची आमटी गार. म्हनून भाऊच हिच्या वतीनं हजर म्हनायचे. हिनं तोंड उघडलं की घरातलं कोनबी वाक्य पुरं करायचं, माया म्हनून. मास्तरांची बहीन होती, रखमाआत्या, विधवा, हिंच्यातच राहायची, आन् कानानं ठार. तिच्याजवळ बसून ही तांदूळ निवडायची. कायतरी सांगायची, आत्या म्हनायची, आँ? परत सांगायची, आँ? चौथ्यांदा सगळं सरळ बाहेर यायचं. आत्याला शेवटपावतर कळलंच नाय की पोर अडखळते. उलट मास्तरांना सांगायची, ललिता लई बोलते, तिला जरा गप करा. काशीबाई म्हनते, हिनं पुढं मोठाली बुकं वाचलीन, परीक्षा दिलीन, पन धंदा आत्याचाच चालवते. तुमी आत गेलात की बगा. काय अर्धवट बोललात तरी ती पुरं करत नाय. बसून राहते. ते बसून राहनं लई वाईट, मानसाच्या तोंडातनं भलतंच पडतं.

माझ्या पडलं ना. आन् कसं पडलं — ती गिरनी ऐकताय ना? ती चालू असली की आत वरडून बोलावं लागतं. बाईनं इचारलं, आजी, नीलाशी बोलणं कशावरून थांबलं? मी म्हनलं, गिरनी लई वाजते, ऐकू येत नाय. ती म्हनाली, "मी थांबते." आन् थांबली की खरंच. मी सतरंजीचे धागे उपसत बसले. दत्ताराम छताकडं, नीला भिंतीकडं, शकू माझ्याकडं. शेवटी म्हनलं सांगून मोकळं व्हावं, येवड्या आवाजात बाहेर कोन ऐकतंय. म्हनून सगळा जीव येकवटून वरडले, "मी घोरत नाय." आन् नेमकी तवाच लाईट गेली. गिरनी बंद. पीठ उडायचं सुद्धा थांबलं असंल. डबे घेऊन रांगेत बाया उभ्या. मंग भिंतीपलीकडनं गिरनीवाला चांगू म्हनाला, "बरं."

तर ते तसं होतं. नीला इहिरीवर बायांना म्हनाली होती, आत्याबाय घोरतात, आत्याबाय म्हंजे मी. वाडीभर झालं. बाया मला रस्त्यात इचारायच्या, झोप लागली का. मंग मी कशाला बोलू तिच्याशी? आन् आत त्या दिवशी नीला पदर तोंडात कोंबून हसायला लागली, बाई बी हसली, मी उठून जानारच होते, तर नीलाचं हसनं करता करता रडनं झालं. बाईला म्हनाली — बाईला बरं का, मला नाय — लग्नानंतर नवरा मुंबईला गेला, घरामागं रान, मला भीतीनं झोप यायची नाय, आत्याबाय घोरायला लागल्या की वाटायचं, घरात कोनतरी हाय, मंग डोळा लागायचा. तेच सांगत होते इहिरीवर. बाया अर्धं ऐकून हसल्या. आता बोला. दोन पावसाळे. मी म्हनलं, शकू, तुझ्या आयेला इचार, हे आधी का नाय सांगितलंस. तर शकू म्हनाली, टिंग.

तरी आमी लगेच कुठं बोललो. सवय गेलेली. पुढल्या खेपेला बाई म्हनाली, आज सतरंजी म्हणजे एसटी. मी मनात म्हनलं, झालं, हिलाच आता कोनाला तरी दाखवायला पायजे. दत्तारामला पुढं ड्रायवर म्हनून बसवलान. तो खुळ्यासारखा हात फिरवायला लागला, वळनाला आंग बी झुकवायचा. शकूला म्हनाली, तू पासिंजर, खिडकीपाशी बस, आज तुला काय काम नाय. आन् कंडक्टर कोन? मी. ह्या वयात. खांद्याला काशीबाईची बाजाराची पिशवी अडकवून उभी राहिले. शकूला इचारलं, कुठं जायाचं? गप. बाई म्हनाली, घाई नाही, गाडीत अजून माणसं आहेत. मंग नीलापाशी गेले. ती खाली बगत होती. मान वर केलीन नि म्हनाली, "एक पोलादपूर द्या." मी म्हनलं, "सुट्टे द्या."

दोन पावसाळ्यांनी सुनेला काय म्हनाले, तर सुट्टे द्या. नीला म्हनाली, सुट्टे नायत. मी म्हनलं, मंग आधी का नाय बगितलं, गाडीत चढताना काय डोळे मिटले होते? ती म्हनाली, तुमीच तर दार लावून घेतलं होतंत, मी कशी चढले ते माझं मला म्हाईत. आन् आमची जी जुंपली ओ, ती मिठापासनं म्हशीपर्यंत. दत्तारामनं गाडी कवाच थांबवली होती. आन् खिडकीपाशी ही पोर, हातावर हनुवटी ठेवून आमच्याकडं बगत बसलेली, शिमग्याचं सोंग बगावं तशी. मंग म्हनाली, "आजी, आधी टिकीट तर दे तिला." सरळ, सबंद. बाईनं डोळ्यातलं पीठ पुसलान. पीठच असंल, गिरनी चालू होती.

आता बोलते शकू, लई बोलते. मंग आज कशाला आलात म्हनता? असंच. म्हंजे — दत्तारामला घाटकोपरला खोली मिळाली. नीलाला नि शकूला घेऊन जायाचं म्हनतो. चांगलंच हाय. पोरीला बापापाशी राहायला पायजे, मीच म्हनलं होतं येकदा. मला काय, घर हाय, म्हैस हाय, शेजारी हाय. घोरले तर ऐकायला कोन नाय, बरंच झालं, भांडन नाय. आत तेच चाललंय. दत्ताराम बोलला, नीला बोलली, शकू तर उभी राहून बोलली. मंग बाईनं माझ्याकडं बगितलं. म्हनाली, आजी, तुमचं तुम्ही सांगा. आन् थांबली. मी म्हनलं, मशेरी थुंकून येते. — हो, थुंकून कवाच झाली. जरा वाऱ्याला बसले. तुमच्याशी बोलत बसले म्हनून येळ झाला, नायतर मी गेले असते.

काय म्हनते काशीबाई? पोराला आत निजवा म्हनते, मान अवघडंल. मंग जावा ना. तसंच उचला, डोक्याखाली हात घाला, जागा झाला तर तुमचाच खांदा हाय. आन् हे बगा, आत हिरव्या लुगड्यातली बसलीय ना, ती नीला. तिला येवडं सांगा, म्हातारी म्हनते, खुशाल जा, माझी काळजी नको. नाय, तसं नको. सांगा, म्हातारी म्हनते, गनपतीपावतर तरी — नाय, थांबा. सांगा की म्हातारीला ती घरात —

थांबा. खाली बसा. बसा म्हनते ना. तुमी कशाला सांगताय, तुमचा काय संबंध. सरका, मला आत जाऊ द्या.