गाव रिकामं आहे, हे कोण सांगणार?

मंडळी, नाना गेले. त्यांच्या घरची माणसं समोर बसली आहेत. लष्कराच्या छावणीतून हवालदारसाहेबही आलेत. मला बोलायचा सराव तो बालवाडीतल्या पोरांपुढचा. आज नुसतं दुःख नाही. मला भीती वाटतेय. का, ते सांगते.

कोंडाजी नाना झेंडू लावायचे, नाशिकच्या बाजारात विकायचे. पण आपल्यासाठी ते फाटकावरचे नाना. तोफांचा सराव असला की गोळे आपल्या शिवारावरून जातात. त्या दिवशी आपण गुरंढोरं घेऊन नदीपलीकडे जातो. नाना सगळ्यात शेवटी निघायचे. घराघरात डोकावायचे. मग छावणीच्या फाटकावर जाऊन सांगायचे, "गाव रिकामं हाय." त्यांनी सांगितल्याशिवाय तोफ उडत नव्हती.

हे आधीपासून नव्हतं. एकाहत्तरची लढाई आठवा. नवी पोरं भरती होत होती, सराव दिवसरात्र चाले. छावणीचा भोंगा झाला की घर सोडायचं, ही आपली सवय. त्यातच शहरातून हुकूम आला, हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की दिवे मालवून घरात बसा. एका संध्याकाळी भोंगा वाजला. कुठला? कोणालाच कळेना. अर्धं गाव कंदील घेऊन नदीकडे पळालं, अर्धं कडी लावून आत बसलं. मी आत होते. माझ्या बाळाचं रडणं विमानाला ऐकू जाईल म्हणून सासूबाई त्याच्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. पहिला गोळा गेला आणि फळीवरची भांडी खाली आली.

नाना मात्र तोफांकडे धावले. हात वर करून. शिपायानं हेर समजून त्यांच्या छातीला बंदूक लावली. नाना पुढे सांगायचे, "पोरी, धोतर ओलं झालं माझं. खोटं कशाला बोलू?" पण ते मागे फिरले नाहीत. साहेबांना म्हणाले, "मानसं आत हायेत. आधी मला इचारा, मग उडवा." साहेबांनी तोफा थांबवल्या. नंतर किती साहेब बदलले, पण नानांना विचारायचं, ही पद्धत राहिली.

काल हवालदारसाहेबांनी पारावर येऊन विचारलं, "सोमवार को फायरिंग है. अब कौन बोलेगा?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. कोण घेणार हे अंगावर? गंगूबाईंना ऐकू येत नाही. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं, आईनं आत निजवलेलं. मी "रिकामं" म्हणाले आणि ते आतच असलं तर? हीच भीती पोटात घेऊन नाना दर वेळी फाटकापर्यंत चालत गेले. आपण नदीकाठी शिदोऱ्या सोडून बसायचो. नाना, तुम्ही जेवलात का, असं एकदा तरी कोणी विचारलं?

रात्री डोळा लागला नाही. सोमवारी फाटकावर मी जाणार आहे. मी धीट आहे म्हणून नाही. दुसरं कोणी उठलं नाही म्हणून. हवालदारसाहेब, तुमच्या साहेबांना तसं कळवा. आणि बायांनो, मी दारात आले तर चिडू नका. किती वेळा बघशील, असं म्हणू नका. मी पुन्हा पुन्हा बघणार.

नाना, तुम्हाला हात जोडते.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ गप्प राहू. पण डोळे मिटू नका. आपल्या शेजारचं कोण आज इथे आलेलं नाही, ते बघून ठेवा.