छर्रे भिंतीत रुततात असे मी सांगितले

नाव: वेंडेल जोसेफ क्रुपा. वय: ६८ वर्षे. व्यवसाय: निवृत्त सैनिक. राहणार: मेपल स्ट्रीट, केल्सो रन, पेनसिल्व्हेनिया.

मी आज बुधवार, २९ ऑक्टोबर रोजी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की, गस पेल्टन यांच्या बंदुकांच्या दुकानात मी अकरा वर्षे रोज सकाळी जातो. मी तिथला नोकर नाही. काउंटरच्या टोकाला एक स्टूल आहे, त्यावर बसून कॉफी पितो आणि गिऱ्हाइकांना सल्ले देतो. तिथे मला सगळे सार्जंट म्हणतात.

१४ तारखेला साडेदहाच्या सुमारास मार्जोरी येगर नावाच्या बाई बारा बोअरची बंदूक घ्यायला आल्या. विक्रेता डॅरिल होस्ट फॉर्म भरत होता. बाईंनी त्याला विचारले, "माझी बहीण लोइस सध्या माझ्याकडे असते. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. मधल्या भिंतीपलीकडे झोपते. गोळी भिंतीतून जाईल का हो?"

प्रश्न डॅरिलला होता. उत्तर मी दिले.

"मॅडम, पक्ष्यांवरचे बारीक छर्रे घ्या. भिंतीत रुतून बसतात, पलीकडे जातच नाहीत. चोर आडवा, बहीण सुखरूप."

डॅरिल म्हणाला, "तसं नसतं हो, आतल्या भिंती विटांच्या नसतात, पातळ..."

मी म्हणालो, "डॅरिल, तू आपला फॉर्म भर. कळणाऱ्यांना बोलू दे."

बाकीची गिऱ्हाइके हसली. डॅरिलही हसला आणि फॉर्म भरू लागला. बाईंनी माझे दोनदा आभार मानले, मी दार उघडून धरले तेव्हा आणि गाडीत बसताना. मला फार बरे वाटले.

छऱ्यांची ही गोष्ट मी त्याच काउंटरवर एका गिऱ्हाइकाकडून ऐकली होती. त्याने कुठून ऐकली माहीत नाही. मी स्वतः कधी भिंतीवर बार काढून पाहिलेला नाही.

शनिवारी १८ तारखेला संध्याकाळी येगर बाईंच्या घराचे मागचे दार वाऱ्याने आपटले. बाई घाबरल्या आणि त्यांनी घरातल्या बोळात त्याच बारीक छर्ऱ्यांचा बार काढला. भिंतीपलीकडे लोइस येगर पलंगावर बसून मोजे घालत होत्या. त्यांचा डावा डोळा गेला.

बाईंनी जबाबात "दुकानातल्या माणसाने सांगितले" एवढेच म्हटले. विक्री डॅरिलची होती म्हणून सोमवारी पेल्टन यांनी त्याला कामावरून काढले. त्या वेळी मी स्टुलावर होतो. मी बोललो नाही.

डॅरिल सामान घेऊन निघाला तेव्हा माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "काळजी करू नका, सार्जंट. तुमचं नाव मी घेणार नाही. देशासाठी तुम्ही एवढं सोसलंत, आता या वयात ठाण्याची पायरी चढायला लावू का तुम्हाला?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतरही मी रोज गेलो. काल एका माणसाने भिंतीबद्दल तोच प्रश्न विचारला. नव्या विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हे आमच्या सार्जंटना विचारा." मी कप तिथेच ठेवून बाहेर पडलो. मला स्वतःची लाज वाटते.

सल्ला देणे हा गुन्हा नाही, असे मला अंमलदारांनी समजावले. तरीही हे लिहून घ्यावे आणि पेल्टन यांना कळवावे, असा मी आग्रह धरला.

जबाब मला वाचून दाखवला. मी बरोबर आहे म्हणालो. मग पहिली ओळ पुन्हा वाचायला सांगितली. व्यवसाय अंमलदारांनी माझी सैनिकी टोपी पाहून लिहिला होता आणि मी त्यांना अडवले नव्हते. मी सैन्यात एक दिवसही नव्हतो. एकतीस वर्षे गालिचे विकले. टोपी जुन्या बाजारातली आहे. हे डॅरिललाही कळवावे. एवढी दुरुस्ती धरून बाकीचे मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करतो.

वेंडेल क्रुपा