पंधरा ऑगस्टची बोट

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरात मी आणि बाबा बेटावरच्या सणाला जायच्या बोटीची आगाऊ तिकिटं काढायला रांगेत उभे होतो. आमच्या पुढे मायलेकी होत्या.

"आई, ऑगस्टात मेल्तेमी वारा पिसाळतो. बोटी सुटत नाहीत. सप्टेंबरात जाऊ."

"मरियामातेचा सण पंधरा ऑगस्टला! तिला सांगू, थांब बाई, वारा पडू दे?"

"गेल्या वर्षी बोटीत ओकून ओकून अर्धी झालीस."

"पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?"

"दर वर्षी हेच म्हणतेस!"

बाबा हसले. "मीही म्हणतो."

"आणि दर वर्षी असताच की," मी वैतागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

सणाच्या बोटीवर मी एकटीच चढले. कठडा धरून मोठ्याने म्हणाले, "बाबा, कुरकुरायचे मी, पण मला तुमच्याबरोबर यायला फार आवडायचं."