ताई रजेवर गेल्या आणि प्रोग्राम बंद पडला, त्याबाबत

मी, धंदा - दैनिकात वार्ताहर, वय ५२, संस्कृत शिकल्याच्या अपराधाबद्दल कचेरीत 'शास्त्रीबुवा' म्हणून ओळखला जाणारा, राहणार छापखान्यामागील इमारत, वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या बातम्या व छायाचित्रे ज्या प्रोग्राममधून पुढे जातात, तो अहोरात्र चालू असतो. तो सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही ताई म्हणतो. त्या बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम ठप्प झाला. "बाई गेल्या आणि बंद पडला, म्हणजे काहीतरी पेरूनच गेल्या," असा निष्कर्ष काढून व्यवस्थापकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली.

माझे टेबल ताईंच्या शेजारी आहे. त्या रोज सकाळी आल्याबरोबर प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करीत. "ताई, हे कसलं नित्यकर्म?" असे मी एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "दादा, सगळा मजकूर जिथे साठतो त्या डेटाबेसकडून हा जोडण्या घेतो आणि परत करत नाही. जोडण्या मोजक्याच. संपल्या की सगळ्यांचं काम अडतं. बंद केला की घेतलेलं सगळं सुटतं." दुरुस्तीसाठी त्यांनी वेळ मागितला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "चालतोय ना? मग हात लावायचा नाही." हे मी स्वतः ऐकले आहे.

हवालदारसाहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, आम्हाला कळेल असं सांगा." सबब सांगतो की, वाचनालयातून पुस्तके नेऊन परत न करणारा सभासद जसा, तसा हा प्रोग्राम.

तक्रारीचे कळवण्यासाठी मी ताईंना फोन केला. मागे बाळ रडत होते. "आधी चालू करू, भांडण नंतर," एवढेच त्या म्हणाल्या. तिथूनच त्यांनी दोष शोधून दुरुस्त केला. छायाचित्र फार मोठे असले की प्रोग्राम ते नाकारून अर्ध्यातून माघारी फिरे. जोडणी तशीच धरलेली, चित्रही मेमरीत पडून. आता माघारी फिरतानाही तो दोन्ही सोडतो. तेव्हापासून कोणी बंद-चालू न करता तो सुरळीत आहे.

ताईंनी काही पेरले नव्हते. त्या रोज निस्तरत होत्या, एवढेच.

व्यवस्थापक तक्रार मागे घेण्यासाठी बाहेर बाकावर बसले आहेत. ताईंना जबाबासाठी बोलवावे का, असे विचारता माझी हरकत आहे. त्यांची रजा शिल्लक आहे. प्रोग्रामचे त्यांच्यावाचून अडत नाही. आमचे अडते, ते आम्ही सोसू.

जबाब मला वाचून दाखवला. दोन ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त करवून घेतले; हवालदारसाहेबांनी ते हसून सोसले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.