धोंड्याचं जेवण आन् पायडलात अडकलेला पाय

...न्हाई, तुमीच सांगा, हलणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवतंय का कुणी? खाट हलली की आपण पायाखाली पाचर ठोकतो, दात हलला की उपटून घेतो, मग सायकलचं पायडल हलाय लागलं तर मी काय त्याची आरती करायची व्हती?

तुम्हाला सांगतो, सायकल म्हणजे डोंगरात चालवायची, जाड टायरची, आन् पायडल असं की बुटाच्या तळाला एक लोखंडी पट्टी असती, ती पायडलात खटकन बसती, पाय धरून ठेवती, टाच बाहेर झटकली की सुटती. नेकनूरला माझं बियाण्याचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून पोट सुटलेलं, पण सकाळी त्या सायकलवर चढाला लागलो की अजिनाथ म्हणजे राजा माणूस! आन् त्यातच गुडघा दुखाय लागला. असा दुखाय लागला की गिऱ्हाईकानं वरच्या फळीवरचं बी मागितलं की मी म्हणायचो, संपलं.

बायकोनं, वर्षाराणीनं, निकालच लावला. "यंदा अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला लिंबागणेशला आईकडं जायचंय. तुमी सायकलवर या. गुडघा न धरता आलात तर ठेवा सायकल, न्हाई तर लखनला देऊन टाका." लखन म्हणजे माझा मेव्हणा. ती सायकल त्याचीच हाय आन् मी नुसती सांभाळाय घेतलीय, असा बघायचा तिच्याकडं.

पुतण्याला फोन केला. सत्यम पुण्यात सायकलीच्या दुकानात हाय. म्हणला, "काका, तुमचे पाय जन्माचे फेंगडे, आन् जुनं पायडल त्यांना सरळ धरतंय. म्हणून गुडघा पिळतोय. दुसरं पाठवतो." आलं. बसवलं. बूट ठेवला, खटकन आवाज झाला, आन् पाय डुगडुगाय लागला की हो! मी गारच पडलो. नवा माल आन् हलतोय? हलणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवतंय का कुणी? तसाच गेलो सिदूकडं, आमचा ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्यानं पाय हलवून बघितला, तोंड वाकडं केलं. "फसवलं बे तुला. ढिला माल हाय." मी म्हणलं, कर घट्ट. त्यानं ट्यूबचं रबर कापून मधी कोंबलं, स्क्रू पार बुडापत्तुर आवळला, आन् पाय असा गच्च बसला की बास. दोघंबी खूश. चहा प्यालो.

निघालो लिंबागणेशला. चढ लागला आन् गुडघ्यात कळ आली... डोळ्यांत पाणी! तरी गुडघ्याला हात लावला न्हाई, सायकल जाईल ना. दारात सासरे भगवानराव, सासूबाई विमलबाई, पाट, परात, तांब्यात ऊन पाणी, जावयाचे पाय धुवायला. अर्धी गल्ली बघाय आलेली. मी भिंतीला धरलं, टाच झटकली. सुटंना.

"या जावईबापू, उतरा."

"उतरतो की."

"मग उतरा."

"उतराय लागलोय."

सासरे हळूच वर्षाराणीला विचारतेत, "कावून उतरंनात गं हे? काई रुसलेत का?" आता देण्याघेण्यावरून रुसलेला जावई लोकांनी बघितलाय, पण सायकलीवरून उतरायलाच तयार न्हाई, असा कुणी बघितला व्हता? सासऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बिचारे हात जोडून म्हणतेत, "काय कमी पडलं आमचं?" मी म्हणलं, "मामा, पाय अडकलाय." झालं! लखननं पाय धरला, सासऱ्यानं पायडल धरलं, दोघांनी दोन अंगाला ओढलं, आन् मी सायकलीसकट परातीत, दोन्ही हातांनी गुडघा धरून.

पाणी अंगणभर. आन् सासूबाई एवढंच म्हणल्या, "आवं, बूट सोडा की."

मी बुटाकडं बघितलं, सासऱ्यानं माझ्याकडं. नाड्या व्हत्या हो त्याला! पाय निघाला, धुतला, बूट राहिला पायडलावर लटकत. पुरणाचे धोंडे गोड लागंनात. सत्यमला फोन लावला, चांगला झापला. तो म्हणतो, "काका, ते हलायलाच पाहिजे. फेंगडा पाय फेंगडाच फिरावा, गुडघा पिळू नये, म्हणून तर ते पाठवलं. रबर कुणी घातलं?"

इलाज चालू व्हता, आन् मी तो मिस्त्रीकडून बंद करून घेतलता!

तवर लखननं रबर उपटलं, स्क्रू ढिला केला, माझेच बूट घातले आन् गल्लीतून चक्कर मारून आला. "दाजी, काय मोकळा फिरतोय पाय!" वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं. गुडघा सगळ्या गल्लीदेखत धरलता, शब्द म्हणजे शब्द. सायकल तिथंच राहिली, मी बसनं आलो.

आन् गुडघा म्हणाल तर बरा झाला. पार बरा. पण सांगता कुणाला? दुखतो म्हणलं, तर वर्षाराणी म्हणती, "असल्या गुडघ्यानं सायकल चालवता व्हय?" बरा हाय म्हणलं, तर म्हणती, "बघा, सुटली तवा बरा झाला." म्हणून आता मी काईच म्हणत न्हाई. वरच्या फळीवरचं बी मागा तुमी, काढून देतो.